ठिगळीचं अंगण

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळेतली नव्हे, गाडी शिकवणारी. छपरावर पाटी लावलेली लहानशी गाडी, शिकणाऱ्याच्या शेजारची सीट आणि पायाखाली एक जादा ब्रेक, एवढं तिचं राज्य. आवाज असा खणखणीत की काचा बंद असल्या तरी चौकात उभ्या माणसाला कळावं, आत कुणी क्लच लवकर सोडला ते. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. घरात ती, सासूबाई, धाकटा दीर आणि दोन मांजरं.

मांजरांपैकी सुभेदार काळाकुट्ट, अंगानं भरलेला, आणि चालायचा असा की जणू घर त्याच्याच नावावर आहे. ठिगळी त्याची बहीण. तिच्या अंगावर तीन रंगांचे तुकडे जोडल्यासारखे होते. स्वभावानं भित्री आणि तितकीच चोंबडी. दोघांना मास्तरणीनंच एका गॅरेजच्या मागून पदरात बांधून आणलं होतं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

पूर्वी घरासमोरचा रस्ता साधासुधा होता. मग नदीवर नवा पूल झाला आणि शहराच्या दोन्ही टोकांची वाहतूक ह्याच रस्त्यावर येऊन पडली. ट्रक, टँकर, कामावर उशीर झालेले मोटारसायकलवाले. माणसांनाही जीव मुठीत धरून पलीकडे जावं लागे. सुभेदाराला हे कोण समजावणार? तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या बोळात उडी मारायचा, कुंपणाच्या भिंतीवर चढायचा आणि भिंतीवरून डुलत डुलत पुढे रस्त्याच्या कडेला यायचा.

खिडकी बंद करून बघितली. दोघांनी रडून रडून घर डोक्यावर घेतलं, पडदे फाडले, सुभेदारानं तर सासूबाईंच्या चपलेत घाण केली. तेव्हा मास्तरणीच्या मनात आलं की मागचा बोळच वरून-खालून जाळीनं बंदिस्त करावा. खिडकीतून थेट तिथं उतरतील, ऊन खातील, पाखरं बघतील, रस्त्याचं नावच नको. आणि जाळी करणारा घरातच होता. दिराचा ग्रिलचा कारखाना होता. अख्ख्या गावाच्या खिडक्या-बाल्कन्या त्यानं बंदिस्त केल्या होत्या.

"करतो गं वहिनी, पुढच्या रविवारी," तो म्हणायचा.

ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेच्या दप्तराला पाय फुटल्यासारखा दिसणारा मुलगा होता. तिनंच त्याला सायकल शिकवली, मग गाडी शिकवली, लायसन्सच्या परीक्षेला स्वतः नेऊन बसवलं. त्यामुळे दोघांत अरे-तुरे होतं. रविवार येत होते, जात होते. ती ओरडायची, तो हसायचा, आणि पुढचा रविवार कबूल करायचा.

एका संध्याकाळी सुभेदार जेवायला आला नाही.

तो जेवणाची वेळ चुकवणाऱ्यातला नव्हता. मास्तरीण बशी वाजवत बोळात फिरली, मग पुढे आली, मग शेजारच्या गल्लीत गेली. तेवढ्यात दीर कामावरून आला. टेम्पो लावला आणि तिच्या मागोमाग निघाला. दोघं उभ्या गाड्यांखाली वाकून बघत होते. "सुभेदार! ए सुभेदार!" दिरानं घसा कोरडा केला. अंधार पडल्यावर त्यानंच तिला परत आणलं. "येईल गं. बोका आहे, कुठंतरी मुक्काम ठोकला असेल."

सकाळी तो तिला सापडला. चौकातल्या औषधांच्या दुकानापुढे गटारावर फरश्या टाकल्या होत्या, त्यातल्या एका फरशीखाली. मागचे पाय चेपलेले, पुढच्या पायांची नखं सिमेंटवर घासून तुटलेली. ओढत ओढत तो तिथवर गेला होता. तिनं ओढणीत गुंडाळून त्याला घरी आणलं. बोळात कोपऱ्यात खड्डा दिरानंच खणला. एक शब्द न बोलता खणला. तिला वाटलं, ह्यालाही लागलंय.

मास्तरीण रडली नाही. ती चिडली. रस्त्यावर चिडली, पूल बांधणाऱ्यांवर चिडली, आणि गाडी घालून गेलेला जो कोण हरामखोर असेल त्याला मनातल्या मनात रोज नव्यानं शिव्या देत राहिली. शिकायला येणाऱ्या एका बँकेतल्या बाईंनी झेब्रा पट्ट्यांवर गाडी नेली तेव्हा तिनं असा ब्रेक दाबला की बाईंचा चष्मा मांडीवर पडला. "समोर जिवंत काहीतरी आहे, दिसत नाही तुम्हाला?" बाई बिचाऱ्या दोन दिवस शिकायला आल्या नाहीत.

मग एकदा ती सासूबाईंची गुडघ्याची गोळी आणायला औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार लेकीकडे गेला होता तो नुकताच परतला होता. गोळ्यांचं पाकीट कापता कापता तो म्हणाला, "तुमचं मांजर वाचलं का हो?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी दुपारी, मी दुकान बंद करून निघतच होतो. तुमच्या दिराच्या टेम्पोखाली आलं ना ते. मी पाणी घेऊन जाईपर्यंत फरशीखाली घुसलं. हात घातला तर फिस्कारलं. माझी बस होती..." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा हात थांबला. "मला वाटलं, घरचाच माणूस आहे. सांगेल."

"तो थांबला होता?"

"जरा हळू झाला. आरशात बघितलं असावं. मग गेला."

"आणि तुम्ही? एक फोन नाही करता आला तुम्हाला? पाटीवर नंबर आहे माझा. अख्खं गाव वाचतं!"

दुकानदारानं पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तिनं गोळ्या उचलल्या आणि ती निघाली. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ते तिला त्या दिवशी खरोखर अंगानं कळलं. पायापासून वर काहीतरी तापत चाललं होतं, आणि कान गरम झाले होते.

घरी दीर आणि सासूबाई जेवायला बसले होते. मास्तरणीनं गोळ्या टेबलावर ठेवल्या. बसली नाही.

"सुभेदार तुझ्या टेम्पोखाली आला?"

घास तोंडाशी नेलेला हात तिथंच राहिला. सासूबाईंनी एकदा लेकाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं.

"वहिनी, मागे टँकर होता," तो म्हणाला. "अगदी चिकटून. तूच शिकवलंयस ना, जनावर आडवं आलं तर मागचं बघितल्याशिवाय ब्रेक दाबायचा नाही, गाडी वळवायची नाही. माणसं मरतात म्हणून."

"शिकवलंय. बरोबर शिकवलंय." तिचा आवाज चढला नव्हता, आणि घरातल्या दोघांनाही त्याचीच जास्त भीती वाटली. "धडक बसली त्यावरून मी तुला काही बोलणार नाही. माझ्याही हातून बसली असती. पण पुढे काय शिकवलं होतं? धडक बसल्यावर काय करायचं?"

त्यानं घास ताटात ठेवला.

"सांग की. परीक्षेत तर तोंडपाठ होतं."

"थांबायचं," तो पुटपुटला.

"थांबायचं. गाडी कडेला घ्यायची, उतरायचं आणि बघायचं. तू आरशात बघितलंस आणि गेलास. तो जिवंत होता रे! अख्खी दुपार, कदाचित रात्रसुद्धा. जनावरांचा डॉक्टर होता चौकापलीकडे."

"अगं, जेवू तरी दे त्याला," सासूबाई मध्ये पडल्या. "वाईट झालं, पण शेवटी मांजरच होतं ना."

"आई, मांजरच होतं. मांजर होतं हे मला ठाऊक आहे. मी काय त्याला तुमचा नातू समजत होते?" मग ती पुन्हा दिराकडे वळली, आणि आता मात्र आवाज फुटला. "आणि माझ्याबरोबर शोधायला आलास! वाकून वाकून गाड्यांखाली बघत होतास. सुभेदार, सुभेदार, म्हणून बोंबलत होतास. कुणाला हाका मारत होतास रे? मला ऐकवायला?"

तो उठायला लागला.

"खड्डासुद्धा खणलास." तिनं टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, क्षणभर सासूबाईंना वाटलं फेकतेच आता, पण तिनं तो घटाघटा पिऊन खाली ठेवला. "झालं. आता भाऊजी, जेवण झाल्यावर ताट तुमचं तुम्ही घासा. आणि मला काही सांगायचं असेल तर आईंकरवी सांगा."

भाऊजी आणि तुम्ही! शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून घरात दोन स्वयंपाकघरं असल्यासारखं वातावरण झालं. तो आला की ती उठायची. त्यानं चहा केला तर तिचा कप तसाच गार व्हायचा. एकदा त्यानं कारखान्यातून चौकोनी पाईप आणि जाळीचं भेंडोळं आणून बोळात ठेवलं. तिनं ते एकटीनं ओढत नेऊन त्याच्या टेम्पोच्या चाकाशी टाकलं.

"भाऊजींना सांगा, उशीर झाला," ती सासूबाईंना म्हणाली. दीर तीन हातांवर उभा होता.

जाळी तिनं स्वतःच लावायची ठरवली. बाजारातून नायलॉनची जाळी आणली, बांबू आणले, तार आणली. रोज क्लास संपले की बोळात ठोकाठोक चालू. तिला ह्यातलं काही येत नव्हतं, पण रागाला काय, हातोडी उचलायला तेवढंच निमित्त हवं असतं. बोटं सोलवटली. सासूबाई दारात उभ्या राहून बडबडायच्या, "कपडे वाळत घालायची एक जागा होती, तीही गेली. मांजराला तुरुंग बांधतेय. मोकळं जनावर ते, मोकळंच हिंडणार."

"मोकळं हिंडणारं एक त्या कोपऱ्यात पुरलंय, आई."

ह्यावर सासूबाई आत जायच्या, पण भांडी आपटून.

शेवटी जाळी उभी राहिली. जरा वाकडी, जरा लोंबती. ठिगळीला खिडकीतून आत सोडलं. ती पोट जमिनीला टेकवून कोपरा न् कोपरा हुंगत फिरली, मग उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून झोपली. मास्तरणीला कितीतरी दिवसांनी घास गोड लागला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती क्लास घेऊन परत येत होती. बँकेतल्या बाई पुन्हा यायला लागल्या होत्या आणि स्टिअरिंगवर त्याच होत्या. घराजवळच्या वळणावर गाड्यांची रांग तुंबलेली, हॉर्नचा नुसता गोंधळ. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडत होतं, "ए म्हातारे, मरायचंय का?"

मास्तरणीनं मान उंचावली. भर रस्त्यात सासूबाई उभ्या होत्या. गुडघे धरून जिना उतरणारी बाई, एका हातात कपडे वाळत घालायची काठी, दुसरा हात पोलिसासारखा वर. समोर ट्रक, त्याच्या नाकाशी ती एवढीशी. आणि तिच्या मागे, दुभाजकाला अंग चिकटवून, शेपटी फुगवून ठिगळी.

"वाजव, वाजव भोंगा!" सासूबाई ट्रकवाल्याला म्हणत होत्या. "तुझ्या आईला असाच वाजवतोस का? हलणार नाही मी!"

पलीकडच्या बाजूनं मात्र गाड्या सुसाट येत होत्या. ठिगळी तिकडे उडी मारणार हे मास्तरणीला तिच्या कानांवरून कळलं. "उजवीकडे घ्या," ती बँकेतल्या बाईंना म्हणाली, "दुभाजक तुटलाय तिथून. आडवी घाला. घाला म्हणते ना!" बाईंनी डोळे मिटल्यासारखं करून गाडी आडवी घातली आणि मास्तरणीनं आपल्या पायाखालचा ब्रेक गच्च दाबला. मागे करकचून टायर वाजले. दोन्ही बाजूंचा रस्ता बंद. ती दार उघडून धावली, ठिगळीला मानेला धरून उचललं. ठिगळीनं तिचा दंड कोपरापर्यंत ओरबाडला. ट्रकवाल्यानं एक घाणेरडी शिवी हासडली, सासूबाईंनी काठी त्याच्या बंपरवर हाणली, बँकेतल्या बाईंनी गाडी बाजूला घेतली, आणि ठिगळीला धरून सासू-सून घरात आल्या.

बोळात जाऊन मास्तरणीनं पाहिलं. पाणी जाण्याच्या पाईपाशी तिनं तारेनं बांधलेला कोपरा सुटला होता. पाईपावरून चढायचं, डोकं घालायचं आणि बाहेर. तिथं मऊ, तीनरंगी केस अडकले होते.

सासूबाई पायरीवर बसून धापा टाकत होत्या. "मी पुढे कपडे वाळत घालत होते," त्या म्हणाल्या. "ही भिंतीवर दिसली. हाक मारली तर पळाली. सुनबाई, मला काही सुचलंच नाही गं."

"पाणी प्या, आई," मास्तरीण म्हणाली. तिनं सुटलेली तार हातात घेऊन पाहिली. तिला दिसलं की आपली जाळी रागानं बांधली होती, आणि राग जेवढा घट्ट होता तेवढी गाठ घट्ट नव्हती.

ती तशीच कारखान्यावर गेली. वेल्डिंग चालू होतं. दिरानं तोंडावरची ढाल वर केली, तिच्या दंडावरचं रक्त पाहिलं.

"वहिनी, काय झालं?"

"गाडीत बसा. स्टिअरिंगवर."

कारखान्यातली माणसं बघत राहिली. तो हातमोजे काढून, काही न विचारता, शिकाऊ पाटीच्या गाडीत बसला. ती शेजारच्या सीटवर. वाटेत ती फक्त डावं-उजवं सांगत होती. औषधांच्या दुकानाशी आल्यावर म्हणाली, "थांबा."

त्यानं गाडी थांबवली.

"दिवे लावा. कडेला घ्या. आरशात बघा. आता उतरा."

तो उतरला. हात लोंबकळत उभा राहिला. मागून कुणीतरी हॉर्न मारत होतं.

"वाक," ती म्हणाली. तुम्ही कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "त्या फरशीखाली बघ. नीट गुडघे टेकून बघ."

तो गुडघ्यांवर बसला. फरशीखाली कागद, काळं पाणी, आणि सिमेंटवर नखांचे पांढरे ओरखडे. मग त्याचे खांदे हलायला लागले.

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"आरशात तो उठताना दिसला," तो फरशीकडे बघतच बोलला. "मला वाटलं, जाईल घरी. वाटलं, लागलं नसेल. आणि उतरलो असतो तर... मग जाळीचं निघालं असतं. एवढे रविवार. तुझ्या तोंडाची भीती वाटली गं. संध्याकाळी तुझ्याबरोबर हाका मारत होतो ना, ते तुला ऐकवायला नाही. खरंच वाटत होतं, कुठून तरी येईल."

"माझ्या तोंडाची भीती," ती म्हणाली. "मी बोलले असते. वाट्टेल ते बोलले असते. दोन दिवस, चार दिवस. बोलणं ऐकून कुणी मेलंय का आजवर? तो मेला ना तुझ्या भीतीपायी!"

"माफ कर."

"माफी ठेव तुझ्याजवळ, मला तिचं काही करता येत नाही. आज आईच गेली असती ट्रकखाली. मला जाळी पाहिजे. रविवारी नाही. आज."

त्या दुपारी कारखाना बोळात आला. ह्या वेळी तिनं भेंडोळं परत टाकलं नाही. तिनं लावलेले बांबू त्यानं उपटले, चौकोनी पाईपांचा सांगाडा उभा केला, बारीक डोळ्यांची लोखंडी जाळी ताणून बसवली. वरून छत बंद. खाली जाळी वळवून जमिनीत गाडली. दार एकामागे एक असं दुहेरी, म्हणजे माणूस आत शिरताना मांजर पायातून निसटलं तरी मधल्या खोपट्यात अडकावं. भिंतीला चढत्या फळ्या. सासूबाईंची कपड्यांची तारही आतच राहू दिली. कोपऱ्यातल्या त्या मातीच्या उंचवट्याला त्यानं कुठं पहारीचा धक्का लागू दिला नाही.

तो दमून बसला तेव्हा मास्तरीण तपासायला आली. प्रत्येक जोड तिनं हातानं हलवून पाहिला, लोंबकळून पाहिला. पाईपाशी येऊन थांबली.

"इथं फट आहे."

"वहिनी, तिथून काय जाणार? दोन बोटं जात नाहीत."

"दोन जातात. ही बघा. बंद करा." तुम्ही पुन्हा परत आलं होतं.

त्यानं मुकाट्यानं ढाल तोंडावर ओढली आणि ती फट बंद केली.

आता रोज सकाळी खिडकी उघडली की ठिगळी फळीवरून उतरते आणि चिमण्यांना दातांनी कटकट शिव्या देत बसते. तुरुंग म्हणणाऱ्या सासूबाईंनी आत स्वतःसाठी स्टूल टाकलंय. वाटाणे सोलायला त्या तिथंच बसतात, कारण घरात म्हणे हवा लागत नाही. रस्त्याचा आवाज भिंतीपलीकडून येतच असतो. तो काही कमी झालेला नाही.

एकदा त्यांनी सुनेला विचारलं, "त्याच्याशी नीट बोलायला कधी लागणार आहेस? पोर वाळत चाललंय."

मास्तरीण तारेवरचे कपडे काढत होती. तिनं एक टॉवेल झटकला, घडी घातला. "बोलते की. काल मीठ मागितलं त्याच्याकडे."

"मीठ मागणं म्हणजे बोलणं नव्हे."

"आई, राग गेला नाही माझा. सकाळी उठते, तर राग माझ्याआधी उठलेला असतो. मी काय करू? जाळी चांगली झालीय, हे मी त्याला सांगितलंय. खोटं कशाला बोलू? पण तो हाका मारत होता ना माझ्याबरोबर, ते कानातून जात नाही."

सासूबाईंना वाटलं होतं, आता काहीतरी समजुतीचं बोलावं. पण त्यांना ट्रकचं ते नाक आठवलं. "मी त्या दिवशी त्या ट्रकवाल्यासमोर उभी होते," त्या म्हणाल्या, "त्याला मी चांगली दिसत होते, सुनबाई. तरी तो गाडी इंच इंच पुढं रेटत होता." त्यांनी एक शेंग फोडली. "मलाही अजून राग येतो."

मास्तरणीनं दुसरं स्टूल ओढलं, वाटीत हात घातला आणि शेंगा सोलायला लागली. तिच्या पुढच्या क्लासची वेळ होत आली होती. बाहेर बँकेतल्या बाई गाडीपाशी येऊन उभ्या असणार. पण ठिगळी फळीवरून उतरली, तिच्या मांडीवर चढून दोनदा गोल फिरली आणि बसली, तेव्हा तिनं हाक मारून सांगितलं, "बाई, जरा थांबा, आलेच!" आणि आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या.